न बोललेली साक्ष

दुपारची जेवणं उरकली, ओटा पुसून झाला की मी भाजी निवडायला बसते आणि समोर मोबाइलवर हायकोर्ट लावते. घरात यावरून माझी बरीच थट्टा होते. इतरांच्या घरी मालिका चालतात, आमच्या घरी अहमदाबादचं हायकोर्ट चालतं, असं आमचे हे आल्यागेल्याला सांगतात. गुजरात उच्च न्यायालय २०२१ सालापासून आपलं कामकाज यूट्यूबवर थेट दाखवतं. कुणालाही बघता येतं. आपल्या देशात न्याय कसा चालतो हे घरबसल्या, मेथीची जुडी निवडता निवडता बघायला मिळावं, ही माझ्या आईच्या पिढीला न सुचलेली गोष्ट आहे.

पहिल्या काही दिवसांत मी एका गोष्टीची वाट बघत होते, साक्षीदाराची. सिनेमात कोर्ट म्हटलं की पिंजरा असतो, शपथ असते, कुणीतरी रडत रडत खरं सांगतं. इथे तसं काहीच होईना. वकील म्हणायचे, अमुक पान बघा. न्यायमूर्ती पान उलटायचे. कधी खुनाचं अपील, कधी शेतजमिनीचा चाळीस वर्षांचा वाद, कधी पोटगी. आणि सगळीकडे नुसती पानं. शेवटी वकिली करणाऱ्या माझ्या भाचीला विचारलं. ती हसली. म्हणाली, "मावशी, वरच्या कोर्टात माणसं येत नाहीत, कागद येतात. माणसांनी जे बोलायचं ते खालच्या कोर्टात. तिथे जे नोंदवलं गेलं, तेच वरती वाचलं जातं."

"आणि खाली जे बोलायचं राहून गेलं ते?"

"ते राहिलंच. नवा पुरावा वर देता येतो, पण क्वचित. आधी का दिला नाही, याचं पटेल असं कारण द्यावं लागतं. दिवाणीतही तसंच, फौजदारीतही जवळजवळ तसंच."

तिला हे रोजचं होतं. मी मात्र त्या दिवशी मेथी तशीच ठेवून उठले. का, ते पुढे सांगते.

आपण श्रावक-श्राविका प्रतिक्रमणात दुसऱ्या व्रताशी येतो, तेव्हा पाच मोठ्या असत्यांची नावं घेतो: कन्येविषयीचं असत्य, गाईगुरांविषयीचं असत्य, जमिनीविषयीचं असत्य, ठेव बुडवणं, म्हणजे इकडच्या बोलीत थापण ओळवणं, आणि कूटसाक्ष, म्हणजे खोटी साक्ष. मी लहानपणापासून हे पाठ म्हणत आले. गाई आमच्याकडे नव्हत्या, जमीन नव्हती, कुणाची ठेव नव्हती. त्यामुळे दुसऱ्या व्रताशी आले की मला जरा मोकळं वाटायचं. इथे आपल्या हातून काही घडलेलं नाही!

पण हायकोर्ट बघायला लागल्यावर लक्षात आलं, ही यादी म्हणजे कोर्टाच्या पाटीवरची यादीच आहे. कन्या म्हणजे लग्न, फसवणूक, घटस्फोट. गाय म्हणजे जनावरांचे, धंद्याचे वाद. जमीन तर सगळ्या दिवाणी दाव्यांची आई. ठेव म्हणजे बँका, पतपेढ्या, भागीदाऱ्या. आणि या सगळ्यांचा पाया साक्ष. ज्यांनी गृहस्थासाठी हे व्रत घालून दिलं, त्यांना ठाऊक होतं की संसारी माणूस रोज शंभर लहान खोटं बोलणार. 'साहेब घरी नाहीत' म्हणणार. पण पंचांसमोर उभं राहिल्यावर बोललेल्या खोट्याने दुसऱ्याचं आयुष्य मोडतं. म्हणून व्रताची रेघ त्यांनी तिथे ओढली.

आता आपल्या समाजाचं कोर्टाशी नातं काय आहे ते बघू. अहमदाबादच्या महापालिकेने १९९८ आणि १९९९ साली पर्युषणाच्या नऊ दिवसांत कत्तलखाने बंद ठेवण्याचे ठराव केले. तो धंदा करणाऱ्यांनी आव्हान दिलं, आणि गुजरात उच्च न्यायालयाने त्यांचा व्यवसायाचा हक्क मान्य केला. आपल्याकडे नाराजी झाली. मग मार्च २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. थोड्या दिवसांची बंदी हे अवाजवी बंधन नाही, असं ठरवलं. आपण पेढे वाटले. १० ऑगस्ट २०१५ ला राजस्थान उच्च न्यायालयाने संथारा म्हणजे आत्महत्याच, असा निर्णय दिला. देशभर आपले मूक मोर्चे निघाले. मीही पांढरी साडी नेसून चालले होते. त्याच महिन्याच्या शेवटच्या दिवशी सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली. पुन्हा जयजयकार.

अगदी अलीकडचं म्हणजे २०२५ सालचं. इंदूरच्या कौटुंबिक न्यायालयाने एका जैन दांपत्याचा घटस्फोटाचा अर्ज फेटाळला. कारण काय, तर २०१४ पासून जैन हे अल्पसंख्याक आहेत, मग त्यांना हिंदू विवाह कायदा कसा लागू होईल? मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने मार्चमध्ये तो आदेश रद्द केला. १९५५ च्या त्या कायद्यातच बौद्ध, जैन, शीख यांना तो लागू असल्याचं स्पष्ट लिहिलेलं आहे. अल्पसंख्याक दर्जा मिळाला म्हणून ते पुसलं जात नाही. आमच्या महिला मंडळात यावर चर्चा झाली, तेव्हा एकीने विचारलं, "पण मग आपला मान राखला गेला की गेला?" तिचा प्रश्न मला लागला. त्या दोघांना घटस्फोट मिळाला नसता, तर त्या बाईने पुढे काय केलं असतं, हे कुणी विचारलंच नाही. आम्हाला समाजाचा मान दिसत होता, ती बाई दिसत नव्हती.

या तीनही निकालांत आमची परीक्षा एकच होती: आमच्या बाजूने लागला तर न्याय, विरुद्ध लागला तर अन्याय. कत्तलखान्याच्या निकालानंतर त्या नऊ दिवसांत रोजंदारीवरच्या खाटकाच्या घरी काय शिजलं, हे मी तरी मनात आणलं नव्हतं. बंदी चूक होती असं मी म्हणत नाही. पण पेढा खाताना त्याची आठवण व्हायला काय हरकत होती? अनेकांताचं नाव आपण घेतो ते बहुधा दुसऱ्याला शिकवण्यासाठी.

अनेकांताचा एक सोयीचा अर्थही आपण काढून ठेवला आहे: 'त्यांचंही खरं, ह्यांचंही खरं, आपण कशाला बोला.' बडोद्याच्या इतिहासात याचा एक चांगला धडा आहे. १८७५ साली मल्हारराव गायकवाडांवर आरोप आला, की त्यांनी रेसिडेंट कर्नल फेअर यांना विष घालण्याचा प्रयत्न केला. चौकशीला सहा जणांचं कमिशन बसलं, तीन इंग्रज आणि तीन हिंदी: ग्वाल्हेरचे शिंदे, जयपूरचे महाराज आणि सर दिनकरराव. सहाही जणांनी तोच पुरावा ऐकला. तीन इंग्रजांना आरोप खरा वाटला, तीन हिंदी सदस्यांना सिद्ध झाला नाही असं वाटलं. पुढे सरकारने कमिशनचा आधार न घेता राज्यकारभार वाईट चालवल्याचं कारण देऊन मल्हाररावांना पदच्युत केलं. त्यावर अपील कुठे करणार? निर्णय देणारा आणि सत्ता असणारा एकच होता. मल्हारराव काही चांगले राजे नव्हते. तरी दोन दृष्टींमधून वाट काढणारा तिसरा, वरचा, तटस्थ कुणी नसला की ज्याच्या हातात बळ, त्याचीच दृष्टी सत्य ठरते, हे यातून दिसतं.

म्हणून अपील ही मला फार मोठी नैतिक कल्पना वाटते. न्यायाधीशाने निकाल द्यायचा आणि त्याच व्यवस्थेने म्हणायचं, 'यात चूक असू शकते, वर जाऊन विचारा.' आपण प्रतिक्रमणात मागे वळून जे बघतो त्याच्या जवळचं हे आहे. १८७८ साली एका जैन विधवेचं प्रकरण थेट लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेलं होतं. नवऱ्याने परवानगी दिलेली नसतानाही जैन विधवेला दत्तक घेता येतं, ही आपल्यातली रूढी तिथे मान्य झाली. त्यासाठीही कुणीतरी खाली येऊन शपथेवर सांगावं लागलं होतं, की आमच्यात असं चालतं. ती माणसं बोलली नसती, तर वरच्यांनी काय वाचलं असतं?

आता आपल्या शहराचीच गोष्ट. १ मार्च २००२ ला हनुमान टेकरीवरच्या बेस्ट बेकरीत चौदा माणसं मारली गेली. खटला बडोद्यातच चालला. साक्षीदार एकामागून एक उलटले. बेकरीमालकाची तरुण मुलगी, मुख्य साक्षीदार, तीही. जून २००३ मध्ये एकवीसच्या एकवीस आरोपी सुटले. डिसेंबरात गुजरात उच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला. मला तो दिवस आठवतो. पेपर वाचून मी म्हटलं होतं, "बरं झालं, मिटलं एकदाचं." मिटलं म्हणजे काय, चौदा माणसं कुणी मारली, हा प्रश्न माझ्या मनात आला नाही. शहर शांत व्हावं, मुलं शाळेत जावीत, एवढंच मला हवं होतं. शांतता मलाच काय, सगळ्यांनाच हवी असते. पण त्या शांततेची किंमत कुणी भरली, हे मी बघितलं नाही.

एप्रिल २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे सगळं बाजूला सारलं आणि महाराष्ट्रात नव्याने खटला चालवायला सांगितलं. म्हणणं असं होतं, की साक्षीदार भीतीने गप्प केले गेले असतील तर खालची नोंदच खोटी, आणि न्यायालयाने नुसतं प्रेक्षक होऊन बसायचं नसतं. २००६ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या न्यायालयाने नऊ जणांना जन्मठेप दिली, आठ सुटले. पुढच्याच महिन्यात त्या मुख्य साक्षीदार मुलीलाही सर्वोच्च न्यायालयाच्या अवमानाबद्दल एक वर्षाची शिक्षा झाली. जुलै २०१२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने नऊपैकी पाच जणांना पुराव्याअभावी सोडलं आणि चौघांची जन्मठेप कायम ठेवली. चौघांची का टिकली? कारण त्या रात्री जखमी झालेले बेकरीतले कामगार मुंबईत उभे राहिले आणि त्यांनी त्यांना ओळखलं. परगावाहून पोटासाठी आलेली, रोजाने भट्टीवर राबणारी माणसं. त्यांच्या मागे ना समाज, ना पैसा.

एकाच घटनेवर इतके निकाल! लोक म्हणतात, मग कोर्टावर विश्वास कसा ठेवायचा? मला उलट वाटतं. निकाल बदलत गेले कारण नोंद बदलत गेली. कुणी बोललं तेवढाच न्याय झाला. जिथे कुणी बोललं नाही तिथे संशयाचा फायदा आरोपीला गेला, आणि तो तसाच जायला हवा. निरपराध माणूस आत जाऊ नये म्हणून तो नियम आहे. न्यायमूर्ती अंतर्ज्ञानी नसतात. केवलज्ञान त्यांना नाही, आपल्यालाही नाही. म्हणूनच साक्षीदार लागतो.

आता मेथी का ठेवून उठले ते सांगते.

काही वर्षांपूर्वी आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये एक सून होती. मुलगी लहान होती तिची. भिंत एकच. रात्री आवाज यायचे. आधी भांड्यांचे, मग माणसांचे. मी टीव्हीचा आवाज वाढवायची. एका रात्री अकरा वाजता तिने आमची बेल वाजवली. मनगट सुजलेलं. "काकू, बर्फ आहे का? दारात आपटलं." मी बर्फ दिला, रुमालात बांधून. दारात आपटलं नव्हतं, हे तिलाही ठाऊक होतं, मलाही. मी विचारलं नाही, ती बोलली नाही. पुढे ती मुलीला घेऊन माहेरी गेली आणि पोटगीचा अर्ज केला. नवऱ्याचं म्हणणं, ती कारण नसताना घर सोडून गेली. अशा अर्जात कारण होतं की नव्हतं, हाच कळीचा मुद्दा असतो; सबळ कारण नसताना वेगळी राहणाऱ्या बायकोला पोटगी मिळत नाही.

तिचे वडील आमच्याकडे आले. म्हातारे गृहस्थ. बूट बाहेर काढून, हात जोडून बसले. म्हणाले, "ताई, जास्त काही नको. त्या रात्री ती बर्फ मागायला आली होती, एवढंच सांगा."

मी चहा केला. आलं घालून. आणि म्हटलं, "दादा, आम्हाला यात नका ओढू. एका भिंतीचा शेजार आहे, ह्यांचे त्यांच्याशी व्यवहार आहेत, एका स्थानकात बसतो. तुम्ही समजून घ्या." त्यांनी समजून घेतलं. चहा संपवला आणि गेले.

मुलीसाठी थोडे पैसे मंजूर झाले, तिला स्वतःला काही नाही. ती वर गेली. वरही तेच कायम राहिलं. परवा भाचीने मला तो आदेश वेबसाइटवर काढून दाखवला. त्यात अशा अर्थाचं एक वाक्य आहे, की शेजारपाजारच्या कुणाचीही साक्ष नोंदवलेली नाही. ते 'कुणाचीही' म्हणजे मी. नाव नाही, पत्ता नाही, पण सरकारी कागदावर मी आहे. न्यायाधीशांची चूक मला दिसत नाही. त्यांच्यासमोर जे ठेवलं ते त्यांनी वाचलं.

मी खोटी साक्ष दिली नाही. व्रत मोडलं का? या प्रश्नाने मला बरेच दिवस झोप दिली नाही. मी बचावाची बाजूही शोधली. वकिलाच्या भाचीसमोर बसून वकिलीही केली. आपल्याकडे वचनगुप्ती आहे, मौनाची थोरवी आहे. समंतभद्राचार्यांच्या श्रावकाचारात तर असं सांगितलं आहे, की ज्या सत्याने विपत्ती ओढवेल तेही बोलू नये. माझ्या बोलण्याने शेजारच्या घरावर विपत्ती आली असती. मग मी बरोबरच वागले, नाही का?

पण विपत्ती कुणावर? मी गप्प बसल्याने ती टळली नाही, दुसऱ्या घरी गेली. दोन पारड्यांत एकीकडे एका नवऱ्याची लाज आणि आमचे व्यवहार होते, दुसरीकडे एका आईचं आणि लेकीचं रोजचं जेवण. शिकाऱ्याला हरणाची वाट सांगू नये म्हणून तो नियम आहे. मी तर हरणालाच वाट सांगितली नाही.

आणखी एक पळवाट होती, ती जास्त बारीक. आपली व्रतं आपण दोन करण, तीन योग अशी घेतो. करणार नाही, करवणार नाही; मनाने, वचनाने, कायेने. तिसरं करण, अनुमोदन, साधूंना वर्ज्य. गृहस्थाला त्यात सूट आहे. संसारात राहून सगळ्याचं अनुमोदन टाळता येत नाही, हे आचार्यांनी करुणेने ओळखलं. मला वाटतं, मी त्या सुटीतच घर बांधून राहिले. करत नाही, करवत नाही, फक्त भिंतीपलीकडे होऊ देते. २००३ साली "मिटलं एकदाचं" म्हणाले तेही त्याच घरातून. सूट दिली होती अशक्तपणासाठी, मी ती सवय करून टाकली.

मैत्रिणींनो, आपल्याला कोर्टाची भीती वाटते ती खोटी नाही. तारखा पडतात, उलटतपासणीत वाटेल ते विचारतात, बाईच्या जातीला नावं ठेवतात. साक्षीदारांच्या संरक्षणाची योजनासुद्धा सर्वोच्च न्यायालयाने मंजूर केली ती डिसेंबर २०१८ मध्ये. म्हणजे भीती असते हे देशाने कबूल करायलाही इतकी वर्षं गेली. पण बेकरीतल्या त्या कामगारांपेक्षा माझी भीती मोठी होती का? मला कुणी जाळणार नव्हतं. फार तर पर्युषणात शेजारीण बोलली नसती.

दर संवत्सरीला मी त्या मुलीला मोबाइलवर 'मिच्छामि दुक्कडम्' पाठवायची. फुलांचं चित्र असलेला, सगळ्यांना जातो तोच. यंदा फोन केला. ती आता शिकवण्या घेते, लेक दहावीला आहे. मी नीट, नाव घेऊन सांगितलं: त्या रात्री बर्फ मी दिला होता, मनगट मी बघितलं होतं, आणि मी बोलले नाही. ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "बाबा घरी येऊन म्हणाले होते, काकूंनी चहा फार छान केला." तिचे बाबा आता नाहीत. पुढे तिने लेकीचे मार्क सांगितले, मी ऐकले. क्षमा केली असं ती म्हणाली नाही, आणि मी विचारलंही नाही.

माझी ही कबुली आता कुठल्याही नोंदीत जाणार नाही. तिची वेळ गेली. हा लेख म्हणजे शपथपत्र नव्हे. पण तुमच्यापैकी कुणाच्या भिंतीपलीकडे आज आवाज येत असतील. कुणीतरी म्हातारा माणूस बूट बाहेर काढून तुमच्या घरात हात जोडून बसेल. त्याला चहा जरूर द्या, आणि जे बघितलं तेवढंच, एक अक्षर कमी नाही, एक जास्त नाही, खालच्या कोर्टात जाऊन सांगा. वर सांगू म्हणाल तर वर कुणी विचारत नाही.

आता प्रतिक्रमणात ती पाच नावं घेताना मी कूटसाक्षीपाशी थांबते. पूर्वीसारखं मोकळं वाटत नाही. पाठात सहावं नाव घालायचा अधिकार मला नाही, म्हणून तिथे मनातल्या मनात फक्त त्या रात्रीचा बर्फ आठवते आणि पुढे जाते.